पेंडीच्या तपासणीचा पैसा पोत्यामागच्या रुपयातून कसा उभा करायचा

पेंड तपासून घ्यावी, यावर आमच्या गावात कधीच दुमत नव्हतं. भांडण व्हायचं ते पैसे कुणी द्यायचे यावरून. व्यापारी म्हणायचा, माल चोख आहे, शंका तुम्हाला आहे तर तपासा तुम्ही. सभासद म्हणायचे, पोतं संस्था विकते, मग संस्थेनं बघावं. आणि संस्थेत त्यासाठी खातंच नव्हतं. मी पन्हाळा तालुक्यातल्या एका महिला दूध संस्थेची सचिव आहे. आमच्याकडं आता पोत्यामागं तपासणी निधी जमतो आणि त्यातून नमुने प्रयोगशाळेत जातात. तो कसा बसवायचा, हे दुसऱ्या संस्थांच्या सचिवांना आणि संचालकांना उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण सभेत पहिला प्रश्न हाच येतो: "सरकारी माणूस बघत न्हाई व्हय?" दूध बघतो. पण २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात ‘अन्न’ कशाला म्हणायचं याची जी व्याख्या आहे, तिच्यातून जनावरांचं खाद्य स्पष्टपणे वगळलेलं आहे. म्हणजे अन्न सुरक्षा अधिकारी कॅनमधलं दूध तपासू शकतो, पण त्या दुधात जे उतरलं ते ज्या पोत्यातून आलं, ते पोतं त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. भारतीय मानक ब्यूरोचं पशुखाद्यासाठी आयएस २०५२ हे मानक आहे. त्यात ओलावा ११ टक्क्यांच्या आत आणि ॲफ्लाटॉक्सिन बी१ हे बुरशीचं विष किलोला २० मायक्रोग्रॅमच्या आत असावं, असं आहे. मानक चांगलं आहे. पण आपल्या गोदामात उतरलेली गाडी त्यात बसते का, हे बघायला कुणी आपणहून येत नाही.

या विषाचा धोका किती, तेही सभेत आकड्यांनी सांगावं लागतं. एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले होते. त्यातल्या ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, ॲफ्लाटॉक्सिन एम१, म्हणजे बी१ चं जनावराच्या अंगात होऊन दुधात उतरणारं रूप, मर्यादेपेक्षा जास्त निघालं. पाणी आणि भेसळीची चर्चा आपण रोज करतो, पण हे विष दुधात येतं ते वैरण आणि खाद्यातूनच. दूध उकळून ते जात नाही, पाश्चरायझेशननंही जात नाही.

मी सभेत फळ्यावर मांडलेला हिशेब इथं देते, तसाच तुम्हीही मांडा. गाईनं खाल्लेल्या बी१ पैकी साधारण एक-दोन टक्के एम१ होऊन दुधात उतरतं. जास्त दुधाच्या गाईत ते सहा टक्क्यांपर्यंतही जातं. समजा गाय दिवसाला ५ किलो पेंड खाते, १० लिटर दूध देते आणि पेंडीत किलोला १०० मायक्रोग्रॅम विष आहे. पोटात गेलं ५००. दोन टक्के धरले तर दुधात १० आलं, म्हणजे लिटरला १ मायक्रोग्रॅम. आपल्याकडची मर्यादा ०.५ आहे. दूध थेट दुप्पट वर गेलं. तीच पेंड मानकात बसणारी, किलोला २० ची असती, तर लिटरला ०.२ आलं असतं, मर्यादेच्या बरंच खाली. हे फळ्यावर लिहिलं तेव्हा मागं बसलेल्या एक काकी म्हणाल्या, "मंजी माझ्या नातवाच्या पेल्यात बी तेच की." त्यानंतर तपासणी हवी की नको हा विषय कुणी काढला नाही.

आता पैशाचं.

पैसा तीन ठिकाणांहून येऊ शकतो: पोतं विकणाऱ्याकडून, पोतं घेणाऱ्याकडून आणि लिटरमागं सगळ्यांकडून. माझं मत असं की मुख्य भार पोत्यावरच ठेवावा. ज्याच्या गोठ्यात आठ जनावरं आहेत तो जास्त पोती नेतो, जास्त भरतो. ज्या बाईकडं एकच म्हैस आहे तिच्यावर ओझं पडत नाही. वसुलीही सोपी. आपण पोतं उधारीवर देतो आणि दर दहा दिवसांच्या बिलातून कापून घेतो, त्याच ओळीत रुपया धरायचा. नवा कागद नाही, नवा माणूस नाही.

या पद्धतीला जगात मोठा आधार आहे, हेही संचालकांना सांगा, म्हणजे आपण काहीतरी विचित्र करतोय असं त्यांना वाटत नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत पशुखाद्य विकणाऱ्या कंपन्यांना विकलेल्या टनामागं तपासणी फी भरावी लागते. किती टन विकला याचा तक्ता कंपनी सादर करते, त्यावर फी देते आणि त्या पैशातून राज्याचे निरीक्षक दुकानांतून, गिरण्यांतून नमुने उचलतात. टनामागं रक्कम अगदी थोडी असते, पण टन इतके असतात की प्रयोगशाळा चालते. तिथल्या खाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना १९०९ पासून आहे. युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमावलीतही अधिकृत तपासणीचा खर्च भागवण्यासाठी व्यावसायिकांकडून फी घेण्याची तरतूद आहे. आणि इतकं लांब कशाला जायचं? आपल्या जिल्ह्यात उसाच्या टनामागं कसकशा कपाती होतात हे पोराबाळांनाही माहीत आहे. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं संशोधन कारखान्यांनी टनामागं दिलेल्या रुपयावर उभं आहे. मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यावर बाजार फी लागते. मालाच्या वजनावर किंवा किमतीवर थोडं घेऊन सगळ्यांच्या कामाचं काहीतरी चालवणं, हे कोल्हापूरला नवं नाही.

कर म्हणू नका, फी म्हणा, आणि नुसतं म्हणू नका, तशी ठेवा. १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा फरक नीट मांडला आहे. कर हा सक्तीचा असतो, तो सर्वसाधारण तिजोरीत जातो आणि त्याच्या बदल्यात देणाऱ्याला ठरावीक असं काही मिळायचं नसतं. फी एका ठरावीक सेवेसाठी असते आणि तिचा त्या सेवेच्या खर्चाशी मेळ लागतो. संस्थेला कर बसवण्याचा अधिकार नाहीच. म्हणून तपासणीचा रुपया संस्थेच्या चालू खात्यात मिसळू देऊ नका. जिल्हा बँकेत वेगळं बचत खातं काढा, दोघींच्या सहीचं. लेखापरीक्षणात तो निधी ताळेबंदाच्या देणे बाजूला स्वतंत्र दिसला पाहिजे. एकदा का तो नफ्यात मिसळला, की पुढच्या दिवाळीला दूध दराचा फरक वाटताना कुणीतरी म्हणणारच, "एवढे पडून हाईत की, त्यातलं घाला."

रक्कम ठरवताना उलट बाजूनं या. आधी दोन-तीन एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची दरपत्रकं मागवा. गुजरातेत आणंदला एनडीडीबीची, म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची, काफ ही प्रयोगशाळा खाद्याची तपासणी करते, खाजगीही आहेत. दरावर १८ टक्के जीएसटी धरा, तो विसरला की हिशेब चुकतो. पशुखाद्यावर जीएसटी नाही, पण तपासणीच्या सेवेवर आहे. मग ठरवा की वर्षाला किती नमुने हवेत. आणि मगच भागाकार करा.

उदाहरणार्थ, समजा संस्थेत महिन्याला ५०० पोती खपतात. पन्नास किलोच्या पोत्यानं ते २५ टन झालं. पोत्यामागं सभासदाचा १ रुपया धरला तर वर्षाला ६,००० रुपये जमतात. तेवढाच १ रुपया पुरवठादाराकडून घेतला तर १२,०००. समजा ओलावा, प्रथिनं, वाळू-माती, युरिया आणि ॲफ्लाटॉक्सिन बी१ एवढं सगळं एका नमुन्याला जीएसटीसकट ४,००० ला पडतं. तर वर्षाला तीन नमुने होतात. दीड हजाराच्या घरातल्या पोत्यामागं दोन रुपये म्हणजे शेकड्याला पंधरा पैसेसुद्धा नाहीत. तरीही सभेत या दोन रुपयांवर तास जातो. जाऊ द्या. दुधाचा दर, पेंडीचा दर आणि रतिबाचं गणित ज्यांच्या डोक्यात चोवीस तास असतं, त्यांनी रुपया विचारून द्यावा हेच बरोबर आहे.

पुरवठादाराचा रुपया कसा मिळवायचा? विनंतीनं मिळत नाही. खरेदीच्या करारात अट घाला: दर पोत्यामागं १ रुपया तपासणी वर्गणी बिलातून वजा होईल, नमुना संस्था काढेल, प्रयोगशाळा संस्था निवडेल, अहवाल दोघांना मिळेल. प्रयोगशाळा निवडण्याचा अधिकार कधीही विकणाऱ्याला देऊ नका, पैसे तो भरत असला तरी. आमच्याकडं एका व्यापाऱ्यानं "सगळा खर्च मी करतो, रिपोर्टही मीच आणून देतो" अशी तयारी दाखवली होती. आम्ही हात जोडून नाही म्हणालो. ज्यानं गाडी पाठवली त्यानंच निवडून दिलेल्या मूठभर दाण्यांचा अहवाल आमच्या काय कामाचा?

लिटरमागं घ्यायचे की नाही, हा प्रश्न खरा अवघड आहे. पोत्यामागं घेतलं की जो संस्थेतून पेंड घेत नाही तो काहीच भरत नाही. तो बाजारातून सुटी सरकी पेंड आणतो, आणि त्याचं दूध मात्र आपल्याच कॅनमध्ये पडतं. एका गोठ्यातलं दूध खराब असलं तरी सगळ्या गावाचा कॅन परत येऊ शकतो. म्हणून दोन-तीन पैसे लिटरमागं घ्यावेत असं काही संचालकांचं म्हणणं होतं. मला ते पटतं, पण पहिल्या वर्षी नको. आधी पोत्यावरचा निधी चालवून दाखवा, अहवाल फलकावर लावा, मग विचारा. त्याऐवजी आम्ही एक केलं: बाहेरून पेंड आणणाऱ्यानं स्वतः नमुना आणून दिला तर अर्धा खर्च निधीतून. लोक येतात. शेंगदाणा पेंड आणि सरकी पेंड सुटी घेणाऱ्यांनी तर यावंच, बुरशी याच दोन्हींत आणि मक्यात जास्त धरते.

दंडावर निधीचं अंदाजपत्रक बांधू नका. माल नापास झाला तर फेरतपासणीचा खर्च पुरवठादारावर टाका, ते योग्य आहे. पण ‘दंडातून इतके येतील’ असं गृहीत धरलं, की तपासणाऱ्याला माल नापास व्हावा असं वाटायला लागतं, आणि दुसरीकडं पुरवठादाराला तडजोडीची सवय लागते. निधी वजनावरच चालला पाहिजे, माल पास होवो की नापास.

नमुना काढणं हा या सगळ्याचा जीव आहे, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहिते. एका पावसाळ्यात आमच्याकडं सरकी पेंडीची गाडी आली. वरच्या थप्पीची पोती कोरडी, रंग बरा. खालच्या थप्पीतलं एक पोतं उसवून मी कोपरापर्यंत हात घातला तर आत ऊब लागली, उन्हात ठेवल्यासारखी. बाहेर आलेल्या पेंडीचे गठ्ठे झालेले, फोडले तर मध्ये पिवळट हिरवी बुरशी आणि कुबट वास. गाडीवाला म्हणाला, घाटात भिजली असंल, वाळवा. वाळवून बुरशी मरते, तिनं सोडलेलं विष राहतं. विष सगळ्या पोत्यांत सारखं नसतं, ठिकठिकाणी साचलेलं असतं, आणि म्हणूनच एका पोत्यातून ओंजळभर काढून पाठवलेल्या नमुन्याला अर्थ नसतो.

पद्धत अशी ठेवा. दहापर्यंत पोती असतील तर सगळ्यांतून, जास्त असतील तर कमीत कमी दहा पोत्यांतून काढा. वरची, मधली, तळाची, गाडीच्या कडेची, अशी मिसळून निवडा. धान्यवाल्यांची लांब परखी (पोत्यातून नमुना काढायची पोकळ सळई) मिळते, ती पोत्याच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडं तिरकी खुपसा. सगळं एका स्वच्छ, कोरड्या ताडपत्रीवर ओता आणि नीट मिसळा. ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन परत पोत्यात टाका. पुन्हा मिसळा, पुन्हा चार भाग. शेवटी उरलेल्याच्या तीन पुड्या करा: एक प्रयोगशाळेला, एक पुरवठादाराला, एक संस्थेच्या कपाटात. प्रत्येक पुडीवर तारीख, गाडी नंबर, पोत्यावरचा बॅच नंबर आणि सह्या. सही करायला गाडीवाला नकार देत असेल तर तसंच लिहा आणि दोन सभासदांच्या सह्या घ्या. तिसरी पुडी जपा. वाद झाला की तीच उपयोगी पडते.

खरेदी ठरवणाऱ्या माणसानं नमुना काढायचा नाही. आमच्याकडं तिघी आहेत: टेस्टर, एक संचालिका आणि एक साधी सभासद. साधी सभासद दर वर्षी बदलते. तिला काही शिकलेलं असायची गरज नाही, डोळे उघडे असले की पुरे.

अहवाल यायला दिवस लागतात, तोवर जनावरं उपाशी ठेवता येत नाहीत. म्हणून ओलावा मोजायचं यंत्र निधीच्या पहिल्या पैशातून घ्या. ११ टक्क्यांच्या वर ओलावा दिसला की गाडी उतरवूनच घ्यायची नाही, प्रयोगशाळेची वाट बघायची नाही. ॲफ्लाटॉक्सिनच्या झटपट पट्ट्याही मिळतात, खाद्यासाठी वेगळ्या, दुधासाठी वेगळ्या. पट्टीवर नापास आलं तर त्या गाडीचं पेमेंट थांबवून नमुना पुढं पाठवा. निव्वळ पट्टीच्या भरवशावर मात्र व्यापाऱ्यावर आरोप करू नका.

अहवाल खराब आला तर काय? आधी पोती थांबवा आणि ज्यांनी नेली त्यांना त्याच दिवशी कळवा. स्वच्छ पेंड सुरू केली की काही दिवसांत दुधातलं प्रमाण खाली येतं, हे सांगा, म्हणजे घबराट होत नाही. माल परत, पैसे परत, फेरतपासणी पुरवठादाराच्या खर्चानं, हे तिन्ही करारात आधीच लिहिलेलं असावं. अहवालाची प्रत डेअरीच्या फलकावर लावा, पास झाला तरी. नापास तेवढेच लावले तर लोकांना वाटतं, रुपया फक्त भांडणाला जातो.

एकट्या संस्थेला वर्षाला तीन नमुने फार कमी आहेत, हे उघड आहे. यावर उपाय म्हणजे शेजारच्या संस्था जोडा. एकाच व्यापाऱ्याची गाडी चार-पाच गावांत जाते. पाच संस्थांनी आपापला निधी आपापल्या खात्यात ठेवला आणि नमुन्यांचं वेळापत्रक तेवढं एकत्र केलं, तर त्या व्यापाऱ्याच्या मालाचे वर्षात पंधरा नमुने होतात आणि अहवाल पाचही गावांना मिळतात. जून ते ऑक्टोबर जास्त घ्या. आमच्या पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडं पावसात भिंतीसुद्धा घाम धरतात, पेंडीचं काय सांगायचं! एकाच पोत्यावर दोनदा फी लागणार नाही एवढं बघा; अमेरिकेतल्या राज्यांतही एकदा फी भरलेल्या मालावर पुन्हा घेत नाहीत. मोठ्या दूध संघाचं पोतं घेत असाल तर त्यांच्या कारखान्यातल्या तपासणीचा त्या बॅचचा अहवाल लेखी मागा. आपल्या निधीतले नमुने मग खुल्या बाजारातल्या मालाकडं वळवता येतात.

हे काम खरं तर राज्यानं करायला हवं, टनामागं फी घेऊन, निरीक्षक नेमून. मी हे प्रत्येक बैठकीत बोलते आणि बोलत राहीन. पण नुसता सेस लावून भागत नाही, हे साखरेनं दाखवलं आहे: १९८२ च्या कायद्यानं साखरेवर सेस होता, त्यावर साखर विकास निधी चालायचा, आणि २०१७ मध्ये जीएसटी येताना तो सेस रद्द झाला. पशुखाद्यासाठी असं काही मागायचं तर फी कायद्यातच त्या कामाशी बांधलेली मागा. दरम्यान आपल्या गोदामात उतरणारी गाडी उद्याही येणार आहे.

कागदपत्रं फार नाहीत. उपविधीत, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांत, असा निधी उभारण्याची तरतूद आहे का, ते आधी वाचा. नसेल तर उपविधी दुरुस्तीचा प्रस्ताव दुग्ध विभागाच्या सहाय्यक निबंधकांकडं जाईल, त्याला वेळ लागतो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, म्हणून विषय नोटिशीत आधीच घाला. आयत्या वेळच्या विषयांत आणलात तर कुणीही हरकत घेईल, आणि ती रास्त असेल. बिलातून कपातीला प्रत्येकीची लेखी संमती घ्या. ठरावाचा मजकूर आम्ही असा केला, हवा तर घ्या:

"संस्थेमार्फत विक्री होणाऱ्या पशुखाद्याच्या प्रत्येक पोत्यामागे सभासदांकडून रु. १ व पुरवठादाराकडून रु. १ याप्रमाणे ‘पशुखाद्य तपासणी निधी’ जमा करावा. सदर निधी स्वतंत्र बँक खात्यात ठेवावा व तो केवळ नमुना काढणे, पाठवणे, तपासणी व त्यासाठीची साधने यांवरच खर्च करावा. नफा वाटणी, दूध दर फरक अथवा अन्य कोणत्याही कारणासाठी तो वापरता येणार नाही. जमा, खर्च व सर्व तपासणी अहवाल दर तीन महिन्यांनी फलकावर लावावेत. वर्गणीचा दर दरवर्षी वार्षिक सभेत प्रत्यक्ष खर्चाच्या आधारे ठरवावा."

शेवटच्या वाक्यावर आमच्याकडं सगळ्यात कमी चर्चा झाली, पण ते गाळू नका. पुढच्या वर्षी निधीत पैसे शिल्लक राहिले तर रुपयाचे पंचाहत्तर पैसे करता आले पाहिजेत, आणि प्रयोगशाळेचे दर वाढले तर सव्वा रुपया मागता आला पाहिजे.